मागच्या इंजिनची गाडी घरच्या शेडमध्ये उचलताना: अमळनेरच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२४

मामांची पोर्शे ९११ दिवाळीनंतर आमच्या शेडमध्ये आली. कॅरेरा ३.२, १९८७ चं मॉडेल. मामा इंग्लंडमधली नोकरी संपवून परतले तेव्हा सामानाबरोबर आणलेली, स्टिअरिंग उजवीकडे असलेली गाडी. ३१६४ सीसीचं सहा सिलिंडरचं एअरकूल्ड इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे. सकाळी चालू केली की निळा धूर निघतो, आणि ऑइल इतकं पितं की मामा डिकीत कॅन घेऊनच फिरतात. या इंजिनात व्हॉल्व्ह गाईड, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्यात वरखाली सरकते त्या नळ्या, लवकर झिजतात हे जगजाहीर आहे. त्या असतात हेडमध्ये, सिलिंडरच्या टोकावरच्या झाकणात. हेड उतरवायचे तर इंजिन खाली काढल्याशिवाय गत्यंतर नाही.

इंजिन वरून निघत नाही. गिअरबॉक्ससकट खाली उतरवायचं, गाडी वर राहते आणि इंजिन तिच्या शेपटीखालून मागे सरकवून बाहेर काढायचं. धरून ठेवणारे मुख्य बोल्ट चारच: दोन इंजिनच्या मागच्या आडव्या पट्टीवर, दोन गिअरबॉक्सच्या पुढच्या टोकाला. हे ऐकून सगळ्यांना काम सोपं वाटतं. बोल्ट सोपेच आहेत. अवघड आहे ती गाडी वर धरणं, म्हणून या वहीत आधी फक्त उचलण्याचं लिहितोय. व्हॉल्व्ह गाईडची नोंद नंतर वेगळी.

१४ नोव्हेंबर

आज फक्त जमीन तपासली. शेडमध्ये अर्ध्या भागात शहाबादी फरशी आहे, अर्ध्या भागात वडिलांनी कापूस साठवायला केलेला कोबा. हातोडीच्या दांड्याने फूटभर अंतरावर ठोकत गेलो आणि जिथे पोकळ आवाज आला तिथे खडूने फुली मारली. फरशीचा भाग फुल्यांनी भरला. कोब्याला दाराकडून एक लांब भेग गेलेली, आणि भेगेच्या दोन्ही बाजूंची पातळी वेगळी.

कारण अमळनेरमध्ये कोणालाही सांगायला नको. खाली काळी जमीन आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरचा पातळ कोबा तिच्याबरोबर हलतो. अशा जागी उचललेल्या गाडीखाली लावायच्या स्टँडचा, म्हणजे घोडीचा, एक पाय दोन सूत जरी खचला, तरी गाडीचं वजन उरलेल्या तीन पायांवर तिरकं येतं.

मिस्तरीबाबा बघायला आले होते. ते बोअरच्या मोटारी काढतात, तिपाई आणि चेन पुलीवर त्यांचा हात बसलेला आहे. त्यांचं म्हणणं, तिपाई लावून शेपूट वर ओढू, जमिनीची भानगडच नको. मी नाही म्हटलं. तिपाईचे तीनही पाय त्याच जमिनीवर उभे राहणार, आणि साखळीला टांगलेली गाडी झोके घेते. झोके घेणाऱ्या गाडीखाली कोणी जायचं नसतं. शेडच्या कैच्यांना पुली अडकवायची सूचना धाकट्या भावाने केली. तीही नाही. त्या कैच्या पत्रे आणि वारा झेलायला केलेल्या आहेत, बाराशे किलो झेलायला नाहीत.

२२ नोव्हेंबर

कोबा फोडला. काळी माती दोन फूट काढून टाकली, मुरूम भरला, पाणी मारून थराथराने धुमस केली, वर सोलिंग आणि त्यावर सहा इंच काँक्रीट, एम-२० चं, आत आठ एमएमची जाळी. लांबी साडेपाच मीटर, रुंदी साडेतीन. पातळी पाण्याच्या नळीने घेतली.

आता अठ्ठावीस दिवस पाणी आणि धीर. मामांना घाई आहे, रोज फोन येतो. त्यांना सांगितलं, "मामा, तुम्ही म्हणाल तर इंजिनचं सामान आधी मागवतो, पण या स्लॅबवर डिसेंबर संपत आल्याशिवाय गाडी चढणार नाही." त्यांनी ऐकलं.

खड्डा का नाही केला, असं दोघांनी विचारलं. गावातल्या गॅरेजला खड्डे आहेत, सर्व्हिसिंगला उत्तम. पण खड्ड्यात उतरवलेलं इंजिन पुन्हा वर कसं काढायचं? शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात जाऊन बसते, आणि हे काम पेट्रोलच्या नळ्या सोडण्याचं आहे.

३ डिसेंबर

आजची नोंद सगळ्यात महत्त्वाची. गाडीचं वजन करून आणलं.

जिनिंगजवळच्या वजनकाट्यावर कापसाच्या गाड्यांची रांग होती. काटेवाल्याने रांगेतून मधेच घेतलं, बहुतेक गाडी बघायची म्हणून. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर: ४७० किलो. मग फक्त मागची: ७४० किलो. मग पूर्ण गाडी: १२१० किलो. बेरीज जुळली. टाकीत पेट्रोल पाव होतं.

म्हणजे एकसष्ट टक्के वजन मागच्या चाकांवर. या गाडीच्या दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर २२७२ मिलिमीटर. त्यावरून वजनाचा मध्य पुढच्या अ‍ॅक्सलपासून १३९ सेंटीमीटर मागे येतो.

आता स्टँड कुठे लागणार ते बघू. या जुन्या ९११ ला मागे आडवी टॉर्शन बारची (पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्यांची) नळी आहे, तिच्या दोन टोकांच्या टोप्यांखाली मागचे स्टँड बसतात. मोजलं तर ती जागा मागच्या अ‍ॅक्सलच्या ४० सेंटीमीटर पुढे. पुढचे स्टँड पुढच्या सस्पेन्शन आर्मच्या मागच्या माउंटखाली, पुढच्या अ‍ॅक्सलपासून २८ सेंटीमीटर मागे. स्टँड ते स्टँड १५९ सेंटीमीटर.

हे सगळं कागदावर मांडलं की चारही स्टँडवर गाडी चढल्यावर मागच्या जोडीवर ८४५ किलो आणि पुढच्या जोडीवर ३६५ किलो येतात. इथवर काही विशेष नाही.

विशेष पुढे आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून साधारण २८० किलो धरले. त्यांचा मध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या वीतभर मागे धरला. ते वजन गाडीतून काढून पुन्हा मांडणी केली. मागच्या स्टँडवर उरले ४५३ किलो. पुढच्या स्टँडवर झाले ४७७.

पुन्हा पुन्हा तपासलं, आकडे तेच. इंजिन काढलं २८० किलोचं, आणि मागचा भार कमी झाला ३९२ किलोने. पुढच्या स्टँडच्या वर इंजिनचा एक नटही नव्हता, तरी तिथला भार ११२ किलोने वाढला. इंजिन मागच्या स्टँडच्याही मागे लोंबकळत असतं म्हणून हे होतं. मागे जास्त कडबा भरला की बैलगाडी उलाळ होते, बैलांच्या मानेवरचं जू वर उठतं, आणि मागचा कडबा ओढून टाकला की तेच जू खाली दाबलं जातं. तसंच इथे आहे.

मिस्तरीबाबांना कागद दाखवला नाही, बैलगाडीच सांगितली. त्यांना लगेच पटलं. "म्हणजे पुढली घोडी हलकी नको लावू," एवढंच म्हणाले. माझ्या पानभर आकडेमोडीतून निघालेला निष्कर्ष हाच होता. बहुतेक जण मागे चांगले स्टँड लावतात आणि पुढे जे हाताला लागेल ते, कारण इंजिन मागे आहे ना. पण इंजिन निघालं की पुढचे स्टँड जास्त राबतात. आणि त्या वेळी माणसं गाडीच्या मागे असतात, पुढे कोणाचं लक्ष नसतं.

दुसरी गोष्ट पेट्रोलच्या टाकीची. ती पुढे आहे. भरलेली टाकी घेऊन काम केलं तर इंजिन निघाल्यावर नाक आणखी जड. चाळीस लिटर पेट्रोल म्हणजे तीस किलो. आगीच्या भीतीनेही टाकी रिकामी हवीच. ठरलं: उचलण्याआधी टाकी जवळजवळ रिकामी.

८ डिसेंबर

धुळ्याला आग्रा रोडवर गेलो. चार स्टँड घेतले, चारही एकाच जातीचे, सहा टनी, दात्यांवर बसणारे आणि वर आडवी पिन लागणारे. वजनासाठी तीन टनी पुरले असते. पण तीन टनी स्टँड पूर्ण उघडून चाळीस सेंटीमीटरच्या थोडं वर जातो, सहा टनी साठपर्यंत. आपल्याला उंची हवी आहे, म्हणून मोठा.

ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करणारे वेल्डरकाका पाइपचे स्टँड निम्म्या पैशात करून द्यायला तयार होते. त्यांच्या वेल्डिंगवर माझा विश्वास आहे, माझं नांगराचं काम त्यांच्याकडेच असतं. पण वेल्ड आतपर्यंत शिजलाय की नाही ते डोळ्यांना दिसत नाही, आणि हा स्टँड तपासायची पहिली वेळ म्हणजे त्यावर गाडी आणि खाली माणूस. त्यांना तसं सांगितलं, त्यांनाही वाईट वाटलं नाही. त्यांच्याकडून दुसरं काम करून घेतलं: बारा एमएम जाडीच्या एक फुटी चौरस चार प्लेटा, स्टँडच्या पायाखाली घालायला.

१५ डिसेंबर

गाडीखाली झोपून गंज तपासला. १९७६ पासून पोर्शेच्या बॉडीचा पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला असतो, म्हणून ही गाडी दिसायला अजून टवटवीत आहे. पण इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि या गाडीने असे काही हिवाळे काढलेत. खाली रंगाचा आणि डांबरी लेपाचा जाड थर. थर दिसतो, पत्रा दिसत नाही.

जिथे स्टँड बसणार त्या चारही जागी लेप खरवडून काढला, स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहिलं, हातोडीने हलकं वाजवलं. टॉर्शन नळीची दोन्ही टोकं ठणठणीत. पुढची डावी जागा वरवर गंजलेली, ब्रशने घासली तर खाली चांगलं पोलाद निघालं. तिथे प्रायमर मारला.

दोन्ही बाजूंना दारांच्या खाली, मधोमध, मूळ जॅकची भोकं आहेत. ती पंक्चर काढण्यापुरती. त्यांना या कामात हात लावणार नाही. आणि इंजिनच्या पोटाखाली जॅक लावून मागची बाजू उचलायची पद्धत बरेच लोक वापरतात. आपल्याला ती कामाची नाही, कारण जे खाली काढायचं त्यालाच आधार देता येत नाही.

२० डिसेंबर

स्लॅबचे अठ्ठावीस दिवस झाले. ठोकून पाहिला, सगळीकडे एकच भरीव आवाज. भेग नाही.

२२ डिसेंबर

गाडी चाकांवर असतानाच जे जे घट्ट आहे ते सैल करायचा दिवस. चाकांचे नट, ड्राइव्ह शाफ्टचे अ‍ॅलन बोल्ट, सायलेन्सरचे गंजलेले बोल्ट, बंपरचे बोल्ट. सगळे फक्त सैल करून ठेवले, काढले नाहीत. सायलेन्सरच्या दोन बोल्टांना दोन दिवस तेल पाजलं होतं, तरी चार फुटी पाइप लावावा लागला. असा हिसका गाडी दोन फूट वर असताना द्यायचा नाही. जे सुटणार नाही ते गाडी जमिनीवर असताना कळलेलं बरं.

मागचा बंपर आज उतरवला. त्यामुळे शेपटीची खालची कड वर गेली आणि तेवढं कमी उचलावं लागेल.

उंचीचा हिशेब: इंजिन ट्रॉलीवर ठेवल्यावर त्याचं सगळ्यात वरचं टोक मोजून आणि चार बोटं मोकळी धरून शेपटीची कड जमिनीपासून ७२ सेंटीमीटरवर हवी. गाडी सपाट उचलली तर मागचे स्टँड चौसष्टवर न्यावे लागतील, ते त्यांच्या आवाक्याबाहेर. म्हणून गाडी थोडी नाकावर झुकवायची: मागे ५५, पुढे ४१. शेपूट मागच्या स्टँडपासून आणखी मीटरभर मागे आहे, त्यामुळे झुकल्यावर ती आपोआप नऊ सेंटीमीटर जास्त वर जाते. झुकाव पाच अंशांच्या आसपास येतो. याहून जास्त मी देणार नाही. त्यापुढे गाडी स्टँडच्या खोबणीतून पुढे घसरायला बघते.

२९ डिसेंबर

गाडी वर गेली.

सकाळी थंडी कडक होती, सूर्य वर आल्यावर सुरुवात केली. विजेची खात्री नाही म्हणून सगळं दिवसाउजेडी, आणि हातात बॅटरीचे दिवे. नियम एकच ठरवला होता: जॅक उचलेल, धरायचं काम स्टँडचं. जॅकवर गाडी असेल तेवढा वेळ कोणाचं डोकं, हात, पाय खाली जाणार नाही. वीज गेली, फोन आला, कोणी हाक मारली, तरी आधी वजन स्टँडवर आणि मगच मान वळवायची.

हँडब्रेकबद्दल सगळ्यांना बजावलं. या गाडीचा हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो. मागची चाकं हवेत गेली की तो असून नसल्यासारखा. गिअरमध्ये ठेवूनही फायदा नाही, गिअरही मागचीच चाकं अडवतो. म्हणून सुरुवातीला मागची बाजू उचलताना पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी बाभळीच्या पाचरी, आणि पुढची उचलताना मागचं वजन आधीच स्टँडवर बसलेलं.

एका दमात एक टोक वर नेलं नाही. मागे दहा सेंटीमीटर, मग पुढे दहा, मग पुन्हा मागे. एक टोक एकदम उचललं तर गाडी दुसऱ्या टोकाभोवती कमानीत फिरते, उचलण्याचा बिंदू पुढे सरकत जातो आणि जॅकला त्याच्याबरोबर चालावं लागतं. जॅकची चाकं जुन्या फरशीच्या सांध्यात अडकली असती तर जॅक तिरका झाला असता. नव्या स्लॅबवर चाकं मोकळी सरकत होती. एवढा खर्च कशाला, असं घरात जे विचारत होते, त्यांना आज उभं राहून हे दाखवलं.

मागे जॅक टॉर्शन नळीला, टोकापासून थोडा आत, मध्ये सागाची पट्टी. स्टँड बाहेरच्या टोकाला. शेवटच्या टप्प्यात जॅकची उंची कमी पडली, कारण आमचा जॅक पन्नास सेंटीमीटरला संपतो. त्यासाठी बाभळीच्या आठ सेंटीमीटर जाडीच्या तुळया बोल्टने एकत्र कसून जॅकएवढा लांब-रुंद पाट आधीच केला होता, वर पत्रा ठोकलेला आणि दोन्ही टोकांना अडणी. विटा नाहीत, पेव्हर ब्लॉक नाहीत, दगड नाहीत. ट्रॅक्टरखाली विटांची चळत मी शिवारात पाहिली आहे. वीट फुटताना आधी सांगत नाही. लाकूड करकरतं, दबतं, वेळ देतं.

उचलून झाल्यावर स्टँडच्या पिना घातल्या, मग जॅक हळूहळू सोडला आणि चारही खोबणी डोळ्यांनी पाहिल्या. नंतर गाडीला बंपरच्या जागी दोन्ही हातांनी ढकलून पाहिलं, आधी हलकं, मग जोर लावून. स्टँड हलले नाहीत. हे ढकलणं गाडीखाली जाण्याआधी करायचं, आणि जी दिशा पुढे काम करताना ओढायची तीच दिशा घ्यायची.

त्यानंतर दुसरा आधार. काढलेली मागची दोन चाकं एकावर एक नाही, तर दोन्ही बाजूंच्या दारांखालच्या पट्टीखाली आडवी, आणि मध्ये बाभळीच्या ठोकळ्यांची चौकट: दोन उभे, दोन आडवे, असे थर. चौकटीची उंची तिच्या पायाच्या रुंदीच्या दीडपटीच्या आत ठेवली. ही चौकट गाडीला टेकत नाही, बोटभर फट आहे. स्टँड गेलाच तर गाडी बोटभर खाली येऊन थांबेल, माणसापर्यंत पोचणार नाही.

मिस्तरीबाबा सगळं होईपर्यंत थांबले. जाताना पोरांना दरडावून गेले, "गाडी वर शे, खाले कोनी जावानं नही!"

४ जानेवारी २०२५

सोडवासोडवीची कामं. ही पुस्तकात आहेत, म्हणून थोडक्यात.

बॅटरीची तार आधीच काढलेली. ऑइल गरम असताना काढलं होतं, इंजिनच्या तळातून वेगळं आणि उजव्या मागच्या चाकामागच्या टाकीतून वेगळं. ड्राय संपची, म्हणजे ऑइल वेगळ्या टाकीत साठवणारी, गाडी असल्यामुळे दोन्ही जागा. एसीचा कॉम्प्रेसर नळ्यांसकट उचलून बाजूला बांधला, गॅस सोडला नाही. सीटखालच्या कॉम्प्युटरची वायर आत ओढून इंजिनच्या कप्प्यात आणली. १९८७ पासून या गाडीत जी-५० गिअरबॉक्स आहे आणि क्लच हायड्रॉलिक. क्लचचा खालचा सिलिंडर सोडून दोरीने बांधला. आता चुकून कोणी क्लच दाबला तर त्यातला दट्ट्या बाहेर येईल, म्हणून स्टिअरिंगला चिठ्ठी लावली.

पेट्रोलच्या दोन नळ्या सोडताना दोन्ही दारं सताड उघडी, ड्राय पावडरचं अग्निशामक हाताशी, आणि शेडमध्ये हॅलोजन बंद. तापलेला दिवा आणि गळणारं पेट्रोल एका छपराखाली नको.

दररोज काम सुरू करताना मागच्या दोन आणि पुढच्या दोन पिना हाताने चाचपतो. धाकटा भाऊ म्हणतो, पिना रात्रीत कुठे जाणार? जाणार नाहीत. तरी चाचपतो.

११ जानेवारी

इंजिन खाली आलं.

खाली मोटरसायकल उचलायचा कात्री-जॅक, त्यावर अठरा एमएमचा प्लायवूड. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडतात त्याच्या आसपास त्या जोडीचा तोल आहे, प्लायवूडचा मध्य तिथे आणला. इंजिनला प्लायवूडशी दोन पट्ट्यांनी बांधलं. गिअरबॉक्सच्या नाकाखाली वेगळी पाचर.

आज माणसांची कामं वाटून दिली होती. मी जॅकवर. भाऊ बोल्टांवर. मामा पुढे, पुढच्या दोन स्टँडसमोर खुर्ची टाकून, त्यांनी फक्त खोबणी बघायच्या. मिस्तरीबाबा मागच्या स्टँडवर नजर ठेवून. मामांना वाटलं त्यांना हलकं काम दिलं. त्यांना ३ डिसेंबरचा कागद पुन्हा वाचून दाखवला, मग ते तिथून हलले नाहीत.

जॅक वर घेताना एक जपायचं असतं. इंजिनचं वजन जॅकवर यायला हवं, पण त्याहून जास्त रेटलं तर जॅक इंजिनमार्फत अख्ख्या गाडीची शेपूट उचलतो आणि मागचे स्टँड हलके होतात. म्हणून रबरी माउंटकडे बघत वर घेतलं. माउंटचं दबलेलं रबर सुटं झालं, बोल्ट हाताने फिरायला लागला, तिथे थांबलो. "घोड्या जागेवर," मिस्तरीबाबांनी सांगितलं.

आधी गिअरबॉक्सचे दोन बोल्ट, मग मागच्या पट्टीचे दोन. चौथा बोल्ट निघताना पुढून मामा म्हणाले, "इकडं काहीतरी कुरकुरलं." सगळे थांबलो. हात बाहेर. पुढच्या उजव्या स्टँडखालची प्लेट काँक्रीटवर पक्की बसताना झालेला आवाज होता तो. खोबणी जागेवर, पिन जागेवर. भार पुढे येत होता, हिशेबात आला होता तसाच. कागदावरचा आकडा कानाने ऐकल्यावर त्याची किंमत वेगळी वाटते.

मग चार बोटं खाली, थांबून चारी बाजूंनी बघणं, पुन्हा चार बोटं. एक अर्थची पट्टी राहिली होती, गिअरबॉक्सवरून बॉडीला जाणारी. ती दिसली, सोडली. थांबून बघण्याचा उपयोग असा होतो. नंतर काही अडलं नाही. पूर्ण खाली आल्यावर कात्री-जॅक मागे ओढला, आणि इंजिनचं वरचं टोक शेपटीच्या कडेखालून तीन बोटांच्या फटीने बाहेर निघालं.

"भलती जड शे हाई," मिस्तरीबाबा म्हणाले, आणि मामांनी पहिल्यांदा खुर्ची सोडली.

१२ जानेवारी

आज तिपाईला काम मिळालं. शेडबाहेर, मोकळ्या जागी, तिपाई आणि चेन पुलीवर इंजिन-गिअरबॉक्स टांगून मधे हुकाचा डिजिटल काटा लावला. २८६ किलो, ऑइलशिवाय. माझा अंदाज २८० चा होता. नव्या आकड्याने मांडणी केली तर स्टँडवर मागे ४४५ आणि पुढे ४७९. फार फरक नाही.

इंजिन लाकडी पॅलेटवर बांधून कोपऱ्यात.

१४ जानेवारी

संक्रांत. गल्लीत पोरांची पतंगांची धावपळ, पतंग आमच्या पत्र्यावर अडकतात आणि पोरं न विचारता शेडमध्ये शिरतात. गाडी स्टँडवर ठेवायची नाही हे आधीच ठरलं होतं, आज ते करून टाकलं. हेडचं काम जळगावला होणार, त्याला महिने लागतील. महिनोन्महिने दोन फूट उंच लटकलेली गाडी घरात नको.

उतरवताना क्रम उलटा: मागे दहा, पुढे दहा. चाकं लावली, बाभळीची चौकट थर-थर काढत गेलो, कधीही बोटभरापेक्षा जास्त फट ठेवली नाही. चाकांवर आल्यावर शेपूट बरीच उंच उभी राहिली, मागे वजनच नाही ना. पुढच्या आणि मागच्या चाकांना पाचरी, शेडला कुलूप.

बसवायच्या वेळेसाठी एक सूचना इथेच लिहून ठेवतो. तेव्हा सगळं उलटं होईल. रिकामी गाडी चढवताना पुढचे स्टँड जड असतील, आणि इंजिनचे चार बोल्ट कसले की जॅक सोडताना पुढच्या स्टँडवरचे ११५ च्या आसपास किलो निघून मागे जातील. त्या क्षणी मागच्या प्लेटांकडे बघणारा माणूस हवा. मामांची खुर्ची या वेळी मागे. आणि तोवर टाकीत पेट्रोल भरायचं नाही.